अग्निवीर भरती आणि मानसिक उपचारांची जुनी नोंद

डिचोलीकर:
माझे वय १९ आहे. बारावीत असताना मला तीव्र नैराश्य आले आणि गोव्यातील बांबोळीच्या मानसोपचार रुग्णालयात आठ महिने उपचार घ्यावे लागले. वर्षभर गोळ्या बंद आहेत, रोज पहाटे १६०० मीटर धावतो. आईने पत्र्याच्या ट्रंकेत जपलेली ती फाईल वैद्यकीय तपासणीत दाखवू नये, असे मित्र सांगतात. मी काय करावे?

निवृत्त सुभेदार, पेडणे:
बाबा, लपवू नकोस. पूर्वीच्या आजारांची माहिती स्वतःच्या सहीने लिहून द्यावी लागते आणि ती खोटी ठरली, तर अंगावर गणवेश चढल्यानंतरही सेवेतून काढले जाते. मानसिक आजाराचा पूर्वेतिहास अपात्रतेचे कारण ठरतो, हे कडू असले तरी खरे आहे. रात्रीचा पहारा, तुटलेली झोप, हातात भरलेली रायफल, अशा वेळी दुखणे उलटले तर धोका तुला आणि शेजारच्या जवानालाही असतो. अपात्र ठरवल्यास लष्करी रुग्णालयातील तज्ज्ञांकडे फेरतपासणी मागता येते. मात्र त्यावर फार आशा बांधू नकोस.

समुपदेशक, फोंडा:
उपचारांची गोपनीयता हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला तुमचा हक्क आहे, परंतु त्यामुळे खोटे लिहिण्याची मुभा मिळत नाही. अर्जापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोला. नकार आला आणि मन खचले, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा.

डिचोलीकर:
आभारी आहे. फाईल घेऊन सोमवारी बांबोळीला जातो.