कर्मांनी तारण नाही, मग आजीच्या वहीचं काय?

नगरी_चहा
नमस्कार मंडळी, प्रश्न ख्रिस्ती धर्मातला आहे पण कोणीही उत्तर द्या, फक्त भांडू नका. आमची आजी मागच्या महिन्यात गेली, ९१ वर्षांची होती. आवराआवर करताना तिची एक वही सापडली, ती लांबट लाल कापडी बांधणीची किराणा दुकानात असते तशी, त्यात कोणाला काय दिलं ते सगळं लिहिलेलं. "मागच्या गल्लीतल्या पोराची फी ४०", "दवाखान्यात डबा ६ दिवस", एके ठिकाणी नुसतंच "स्वेटर". आम्ही सगळे ती वही घेऊन रडलो. आणि तिच्या स्मरणार्थ उपासना ठेवली तर पाळकसाहेबांनी (चर्चचे धर्मगुरू) बायबलातलं वचन घेतलं, पौलाचं इफिसकरांस पत्र दुसरा अध्याय, तारण म्हणजे पापातून सुटका कृपेने आहे, विश्वासाने आहे, कर्मांनी नाही, कोणी बढाई मारू नये. वर म्हणाले बाईंची सगळी सत्कर्मं तराजूत टाकली तरी काटा हलायचा नाही. आत्या तिथेच उठून बाहेर गेली. मी लहानपणी रविवारच्या शाळेत हेच वचन पाठ करून बक्षीस घेतलंय, पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हे काय बोलणं झालं? मग चांगलं वागायचंच कशाला? आणि त्याच बायबलात याकोब तर आपल्या पत्रात सरळ लिहितो कर्मांवाचून विश्वास मेलेला आहे. पौल खरा की याकोब?

गव्हाण
बाळा, आजींबद्दल ऐकून वाईट वाटलं. पाळकसाहेबांचं शास्त्र बरोबर होतं, वेळ साफ चुकली. मी स्वतः चाळीसेक वर्षं प्रवचनं करतोय, ही चूक माझ्याकडूनही झालेली आहे.

आता मुद्दा. पौलाचं भांडण दानधर्माशी नाहीच. त्याचं गलतीकरांस पत्र वाच, तिथे प्रश्न असा की यहुदी नसलेल्या माणसाने ख्रिस्तावर विश्वास ठेवला तर त्याने वर सुंता पण करून घ्यायची का, सणवार पाळायचे का. पौल म्हणतो अजिबात नाही. आणि पुरावा कोणाचा काढतो तर यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहामाचा, ज्याच्यापासून सुंता सुरू झाली त्याचाच! उत्पत्ती या बायबलाच्या पहिल्या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याचं नीतिमत्त्व असं गणलं गेलं. सुंता येते १७ व्या अध्यायात. १६ व्याच्या शेवटी तो ८६ वर्षांचा आहे आणि सुंता झाली तेव्हा ९९, म्हणजे मध्ये निदान तेरा वर्षं गेली. तेरा वर्षं हा माणूस बिनसुंतेचा आणि देवाच्या लेखी नीतिमान. रोमकरांस पत्राच्या ४ थ्या अध्यायात पौल हेच धरून बसतो, आधी काय आणि नंतर काय ते बघा म्हणतो, आणि तिथे मजुरीचा दाखला देतो, की काम करणाऱ्याला मजुरी मिळते ती काय कृपा नव्हे, ते त्याचं येणंच असतं. देवाकडे आपलं येणं निघत नाही, एवढंच त्याला म्हणायचंय.

याकोब पण अब्राहामच घेतो पण २२ वा अध्याय, मुलगा इसहाकाला बळी द्यायला वेदीवर ठेवतो तो. म्हणजे कितीतरी वर्षं पुढचा. तो विचारतो की नुसतं तोंडाने 'देव एक आहे' म्हणणारा विश्वास काय कामाचा, तसा तर भुतंही धरतात आणि थरथरतात. दोघं एकाच माणसाचे दोन फोटो दाखवतायत, एक रुजताना एक फळ धरताना.

वसईचा_वारा
काका छान लिहिलंत, पण एक राहिलं, आम्हा कॅथलिकांना बोलू द्या 🙂 'केवळ विश्वासाने' हे शब्द आख्ख्या नव्या करारात एकाच ठिकाणी येतात, याकोब २:२४, आणि तिथे त्याच्यापुढे 'नव्हे' आहे! प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने १५२२ च्या जर्मन भाषांतरात रोमकर ३:२८ मध्ये 'केवळ' हा शब्द स्वतः घातला. याकोबाच्या पत्राला तर तो गवताचं पत्र म्हणाला. आमच्या कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ ला उत्तर दिलं, त्यातही सुरुवात कृपेपासूनच आहे हे आमच्यातल्यांनाही माहीत नसतं. शेवटी ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्गमध्ये लुथरन (ल्यूथरच्या पंथाचे) आणि कॅथलिक दोघांनी मिळून सही केली, की देव आपल्याला पत्करतो ते आपल्या पुण्याईवर नाही, कृपेने पत्करतो आणि मग सत्कर्मं करायला बळ देतो. सगळे वाद मिटले असं नाही. पण आमच्या आळीत अजून दोन्हीकडचे लोक १५४७ मध्येच राहतात.

फुकट_फिरस्ता
मी ख्रिस्ती नाही, सहज वाचत होतो. हा वाद आपल्याकडेही आहे की. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत माकडाचं पिल्लू आणि मांजराचं पिल्लू असा आहे. माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरून बसतं, सुटलं की पडलं. मांजराचं काहीच करत नाही, आई मानगुटीला धरून नेते. त्यावरून तिथे दोन पंथ झाले.

गव्हाण
@फुकट_फिरस्ता वा, हे पुढच्या प्रवचनात वापरणार, परवानगी द्या.
@नगरी_चहा अजून एक. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, शारदा सदन १८८९ चं. म्हणजे विधवांसाठी काम जोरात चालू होतं. आणि त्या स्वतः नंतर लिहितात की तोवर मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. मग तो मिळाल्यावर बाई हात बांधून बसल्या का? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या, केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. चांगलं कशाला वागायचं ते केडगावला जाऊन बघून ये.

नगरी_चहा
सगळ्यांना थँक्यू. काका, तेरा वर्षांचा हिशोब मी आत्याला फोनवर वाचून दाखवला. तिने ऐकून घेतलं आणि मग हसायलाच लागली. म्हणे अगं, ती वही देवासाठी नव्हती गं, आजोबा दर महिन्याला विचारायचे पैसे कुठे गेले, त्यांना दाखवायला लिहायची. आणि स्वेटर आजोबांचाच होता, न विचारता देऊन टाकलेला, म्हणून कोणाला दिला ते लिहिलं नाही.