नुसता एचआरसी पाहू नका
एका पोस्टमध्ये म्हटलंय की ६० एचआरसी (रॉकवेल मापावरचा स्टीलचा कडकपणा) आलं की कुठलंही स्टील सारखंच टिकतं. पटत नाही. आमच्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ईएन-३१ आणि डी-२ या दोन्ही स्टीलचे पंच (पत्र्याला भोक पाडायची हत्यारं) ६० लाच कडक करतात, तरी डी-२ चा पंच धारेला कितीतरी उशिरा येतो. डी-२ मध्ये साधारण १२ टक्के क्रोमियम आणि दीड टक्का कार्बन. त्यातून होणारे कार्बाइडचे (धातू आणि कार्बनच्या संयुगाचे) कण १५०० विकर्सच्या आसपास; विकर्स हे कडकपणाचं दुसरं माप. वाळूतलं क्वार्ट्झ ११०० च्या घरात, आणि ६० एचआरसीचं मार्टेन्साइट, म्हणजे पाणी दिल्यावर स्टीलची होणारी कडक रचना, जेमतेम ७००! मातकट ऊस तोडणाऱ्या पात्याला नुसतं पाणी देऊन म्हणूनच भागत नाही.

मात्र डी-२ ला ईएन-३१ सारखं ८३० अंशांवरच कडक करायला गेलात तर पैसे वाया. १०२० च्या आसपास न्यावंच लागतं, आणि टेम्परिंग (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा बेताचं तापवणं) लगेच, जॉब हाताला सोसेल इतका गरम असतानाच. रात्रभर तसाच ठेवला तर सकाळी कोपऱ्यात तडा दिसू शकतो.