मदत हवी आहे: कम्युनिटी रेडिओवरचा तरुणांचा कार्यक्रम व्हॉट्सअ‍ॅप-इन्स्टाग्रामशी कसा जोडावा?

माणगंगाकाठ
नमस्कार मंडळी. दुष्काळी तालुक्यातलं कम्युनिटी रेडिओ केंद्र आहे. १५ ते २२ वयोगटासाठी आठवड्याला अर्धा तास कार्यक्रम असतो: शिष्यवृत्ती, भरती, आयटीआय प्रवेश, बालविवाह, मासिक पाळी. अडचणी अशा, की कॉलेजची मुलं रेडिओ लावत नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे आवाज प्रक्षेपणाच्या लायकीचे नसतात, आणि मुली फोन करत नाहीत, ग्रुपवरही गप्प असतात. शिवाय भरतीची, प्रवेशाची माहिती 'बातमी' धरली जाते का? जाणकारांनी सांगावं.

डोंगरकपार
शेवटचं आधी. स्वतःच्या बातम्या आणि राजकीय चर्चा चालत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र घ्यायचं तर जसंच्या तसं. परीक्षा, निकाल, प्रवेश, करिअर मार्गदर्शन, नोकरीच्या संधी, हवामान, वीज-पाणी यांची माहिती मात्र बातमी धरत नाहीत, ती बिनधास्त द्या. प्रसारित केलेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा लागतो, त्यात व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले आवाजही आले.

मुलं रेडिओ लावत नाहीत यात आवडीचा प्रश्न वाटतो त्याहून कमी आहे. बऱ्याच नव्या फोनमध्ये एफएम नसतंच. असलं तर वायरचा हेडफोन खोचावा लागतो, कारण ती वायरच अँटेना असते. ब्लूटूथवाल्याला काही ऐकू येत नाही. त्यात कम्युनिटी रेडिओचं १०० वॅटचं प्रक्षेपण आणि ३० मीटरपर्यंतचा मनोरा म्हणजे सपाटीवर साधारण १०-१५ किलोमीटर. डोंगराआडच्या वाड्या तेवढ्यातही सुटतात. म्हणून पूर्ण भागाची लिंक पाठवू नका, ती कोणी उघडत नाही. एक प्रश्न, एक उत्तर, अडीच मिनिटं, असा तुकडा काढा. एमपी३, मोनो, ३२ केबीपीएसला फाइल ६०० केबीच्या आसपास बसते, कमी रेंजमध्येही उतरते.

आणि तुकड्याच्या पहिल्या दहा सेकंदांत तारीख आणि शैक्षणिक वर्ष तोंडाने बोला. मजकुरात लिहिलेली तारीख फॉरवर्ड होताना गळून जाते. मग गेल्या वर्षीची मुदत यंदा फिरते आणि पोरं अर्जाला मुकतात.

खरखर
आवाजाबद्दल. व्हॉट्सअ‍ॅपचं माइकचं बटण दाबून केलेलं रेकॉर्डिंग दाबून लहान केलेलं असतं, वरचे स्वर उडालेले असतात, ते परत आणता येत नाहीत. दोन मिनिटांच्या प्रश्नाला ते चालतं. मुलाखत, गाणं, पथनाट्य असेल तर फोनच्या रेकॉर्डर अ‍ॅपमध्ये रेकॉर्ड करून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. फाइल मूळ रूपात येते.

मुलांना एवढंच शिकवा: पंखा बंद. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या रिकाम्या खोलीत नको, गोधड्या-गाद्या रचलेल्या खोलीत बसा. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरा तिरका, नाहीतर 'प', 'फ', 'भ' फुटतात. बोलण्याआधी तीन सेकंद गप्प. ही तीन सेकंदं तुमच्या कामाची, ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शनला (खरखर कमी करायला) नमुना म्हणून तीच लागतात. खरखर एका दमात २० डेसिबल कापलीत तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. ६-६ करून दोनदा कापा. त्याआधी ८० हर्ट्झच्या खालचं हाय-पास फिल्टरने काढा. शेवटी लाउडनेस नॉर्मलायझेशन करून सगळे तुकडे एका पातळीवर आणा. व्हॉट्सअ‍ॅपची .ओपस आवाजाची फाइल ऑडॅसिटीत उघडत नसेल तर एफएफएमपेग हे जोड-सॉफ्टवेअर टाकावं लागेल. फुटलेला आवाज दुरुस्त होत नाही. त्यावर तासभर घालवण्यापेक्षा पुन्हा मागवा.

पारावरची
मुली गप्प का, याचं कारण ग्रुपची रचनाच आहे. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. एका मुलीने प्रश्न विचारला की रात्री अनोळखी नंबरवरून 'हाय' सुरू होतं, आणि कित्येक घरांत त्या एका मेसेजवरून तिचा फोन काढून घेतला जातो. 'ओन्ली अ‍ॅडमिन' केलं तरी सदस्यांची यादी उघडीच राहते.

माहिती बाहेर पाठवायला व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल ठेवा. तिथे फॉलोअर्सना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. प्रश्न आत घ्यायला केंद्राच्या सिमवर बिझनेस अ‍ॅपचा वेगळा नंबर. तो कार्यकर्त्याच्या खाजगी फोनवर नको. ब्रॉडकास्ट लिस्टवर विसंबू नका. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज पोचतच नाही.

नाजूक प्रश्न असेल तर नुसता आवाज बदलून भागत नाही. बदललेला पिच (आवाजाची पट्टी) उलट फिरवता येतो, आणि बोलीवरून, 'आमच्या शाळेमागच्या विहिरीवर' एवढ्या उल्लेखावरून गाव ओळखतं. प्रश्न दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या. वय, शाळा, भावंडं, जागा काढून टाका.

माणगंगाकाठ
मनापासून आभार. दोन उपप्रश्न. एखाद्या मुलीने छळाबद्दल कळवलं तर 'कोणालाही सांगणार नाही' असं म्हणावं का? आणि शिष्यवृत्तीचा भाग आम्ही पत्रक वाचून करतो, तो रटाळ होतो. कसा बांधावा?

पारावरची
तसं म्हणूच नका. १८ वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पाळता येणार नाही असं वचन देऊन विश्वास मोडण्यापेक्षा आधीच सांगा: 'तुझं नाव रेडिओवर येणार नाही, पण तुला धोका असेल तर मदत मिळवून देण्यासाठी आम्हाला सांगावं लागेल.' कलम २३ प्रमाणे नाव, पत्ता, शाळा, कुटुंब, शेजार यांतलं ओळख पटवणारं काहीही प्रसारित करता येत नाही. प्रत्येक भागात मुलांच्या मदतीचा नंबर १०९८ सांगा, आणि मन उदास असणाऱ्यांसाठी टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६.

इन्स्टाग्रामवर गणवेशातली, बॅज दिसणारी मुलं टाकू नका. १८ खालच्यांसाठी पालकांची लेखी संमती घ्या. आणि रेडिओवर लावता येणारं गाणं इन्स्टाग्रामवर चढवता येईलच असं नाही, परवाने वेगळे असतात. पोरांनीच वाजवलेली हलगी त्यांच्या संमतीने रेकॉर्ड करून घ्या.

डोंगरकपार
पत्रक बाजूला ठेवा, अडलेल्या पोराचा प्रश्न घ्या. उदाहरणार्थ: 'महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर) शिष्यवृत्ती मंजूर दिसते, पैसे खात्यात नाहीत.' प्रश्न त्याच्याच आवाजात, वीस सेकंद. मग उत्तर: पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातात असं मुलं धरून चालतात, प्रत्यक्षात ते आधार शेवटचं ज्या खात्याशी सीड झालंय, म्हणजे सरकारी पैसे जमा होण्यासाठी जोडलं गेलंय, तिथे जातात. बँकेत आधारची झेरॉक्स देऊन केवायसी होते, सीडिंग आपोआप होत नाही. कधी मोबाइलच्या दुकानात उघडलेलं पेमेंट बँकेचं खातं सीड झालेलं असतं, पैसे तिथे पडून असतात. आधारच्या वेबसाइटवर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघायचं. ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येतो, तो नंबर बंद असेल तर आधी आधार केंद्रात बदलून घ्यायचा. खातं चुकीचं निघालं तर हव्या त्या बँकेत डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंगचा संमती फॉर्म भरून पोच घ्यायची.

त्याच आठवड्यात चॅनेलवर तो तुकडा टाका आणि खाली एकच विचारा: 'तुमचं कोणतं खातं सीड निघालं? केंद्राच्या नंबरवर कळवा.' जिथे पोरं अडली असतील तोच पुढचा भाग.