मार्च २०२५च्या यादीत सतारीची भर

मार्चमधल्या आवडत्या नव्या अल्बमांची तुमची यादी छानच आहे, पण सगळं गाणंच दिसलं. म्हणून एक वाद्यसंगीताचा सुचवते. सतारवादक अनुष्का शंकर यांचा ‘चॅप्टर थ्री: वी रिटर्न टू लाइट’ १४ मार्चला आला. सोबत सरोदवर आलम खान आणि तालवाद्यांवर सारथी कोरवार. रविशंकर आणि अली अकबर खान दोघंही बाबा अल्लाउद्दीन खानांचे शिष्य. रविशंकरांची अनुष्का आणि अली अकबरांचा आलम, ही त्यांची मुलं इथे एकत्र वाजवताहेत, या विचारानेच अंगावर काटा येतो. आणि कोरवार तर तबला शिकले आपल्या पुण्यात!

काल कर्वे रोडला पीएमपी बसच्या गर्दीत दांडा धरून उभी होते, कानात हेडफोन. सतारीची मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, सरोदच्या खर्जात, खालच्या सुरांत विरली आणि डोळे आपोआप मिटले. हेडफोननेच ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर तो खर्ज हरवतो.