मदत हवी आहे: शाळेच्या बाँडमुळे आमचा प्रॉपर्टी टॅक्स किती वाढेल?

अबोली_७: जरा लवकर सांगा. मतपत्रिका आठवडाभर टेबलावर पडून आहे, उद्या शेवटचा दिवस. शाळांच्या इमारतींसाठी बाँड आहे, म्हणजे कर्ज, फेड आमच्या प्रॉपर्टी टॅक्समधून. दर लाखामागे ६० डॉलर म्हणतात, घर १६ लाखांचं, म्हणजे वर्षाला ९६०! नवरा म्हणतो, सरळ 'नो' कर. पण लेकीचा वर्ग पोर्टेबलमध्ये, म्हणजे तात्पुरत्या खोलीत भरतो. परवाच्या पावसात छताचा एक चौकोन फुगून पिवळा पडला, बाईंनी वाचनाची सतरंजी गुंडाळून तिथे बादली ठेवली. हिशोब बरोबर आहे का?

खारा_वारा: राज्य कुठलं?

अबोली_७: अहो, कॅलिफोर्निया. बे एरिया.

दिगंत: १६ लाख हा आजचा भाव की असेस्ड व्हॅल्यू, म्हणजे करासाठी धरलेली किंमत? घर कधी घेतलं? १९७८ च्या प्रॉप १३ मुळे (प्रॉप म्हणजे मतदारांनी मंजूर केलेला प्रस्ताव) असेस्ड व्हॅल्यू वर्षाला फार तर २ टक्के वाढते, आणि बाँडचा कर तिच्यावरच लागतो.

मिरजकर: आधी असेसमेंटवर अपील करा. मी केलं होतं, पैसे परत आले.

दिगंत: बाजारभाव असेस्ड व्हॅल्यूच्या खाली गेला असेल तरच. त्यांचं तसं दिसत नाही.

साखरपेरा: मी बाँडला मत देतच नाही. सॅन डिएगोजवळच्या पोवेच्या शाळा जिल्ह्याने २०११ मध्ये साडेदहा कोटी डॉलर उचलले, फेड जवळजवळ ९८ कोटींची. आपल्या नातवंडांच्या डोक्यावर कर्ज!

दिगंत: ते कॅपिटल ॲप्रिसिएशन बाँड होते, वर्षानुवर्षं हप्ताच नाही. २०१३ च्या कायद्याने त्यांना लगाम घातला, मुद्दलाच्या चौपटीपेक्षा जास्त फेड चालत नाही.

साखरपेरा: चौपट तरी थोडी आहे का?

खारा_वारा: त्यापेक्षा शिक्षकांचे पगार वाढवा ना.

दिगंत: बाँडचा पैसा पगाराला वापरताच येत नाही. त्यासाठी पार्सल टॅक्स, म्हणजे प्रत्येक मालमत्तेवर वेगळा कर, त्याला सहसा दोन तृतीयांश मतं लागतात. प्रॉप ३९ च्या बाँडला ५५ टक्के पुरतात, पण नागरिकांची देखरेख समिती आणि दरवर्षी ऑडिट सक्तीचं. अबोली, ६० ही त्यातली युनिफाइड (बालवाडी ते बारावी एकत्र) जिल्ह्याची कमाल मर्यादा आहे. तुमचा अंदाजे दर मतदार माहितीपुस्तिकेत 'टॅक्स रेट स्टेटमेंट'मध्ये असतो, तो बघा.

मिरजकर: प्रॉपर्टी टॅक्सचा पहिला हप्ता १० डिसेंबरपर्यंत, दुसरा १० एप्रिलपर्यंत. चुकला तर १० टक्के दंड, लक्षात ठेवा.

सईबाई: आमची रविवारची मराठी शाळा अशाच एका शाळेच्या भाड्याच्या वर्गात भरते. हीटर बंद, पोरं जॅकेट घालून बाराखडी गिरवतात. मी 'येस' केलं.

अबोली_७: बिल सापडलं! घर २०१४ मध्ये ८ लाखांना घेतलं होतं, असेस्ड व्हॅल्यू ९ लाख ७२ हजार. पुस्तिकेत दर ४८. म्हणजे वर्षाला ४६७ डॉलर, ९६० नाही. नवऱ्याला दाखवलं, तो अजून पुस्तिका वाचतोय. मी 'येस'ला खूण केली. दिगंत, खूप आभार. सही पाकिटावरच करायची ना?

दिगंत: हो, पाकिटावरच. नोंदणीच्या वेळी केली तशीच करा, ती जुळवून बघतात.