मदत हवी आहे: माझ्या कल्पित भाषेत कर्ता आणि अनेकवचन एकसारखेच ऐकू येतात

नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षं मी सेलुमा नावाची एक भाषा रचते आहे. पाच स्वर, चौदा व्यंजनं, महाप्राण एकही नाही. आघात नेहमी पहिल्या अक्षरावर. क्रियापद शेवटी, बाकी शब्द कसेही मागेपुढे करा, कारण कोणी काय केलं ते प्रत्ययावरून कळतं. मराठीतल्या ‘ने’सारखा कर्त्याला ‘क्’ लागतो, अनेकवचनाला ‘कु’. कर्माला विभक्ती नाही.

इथवर छान चाललं होतं. मग भाषा बोलून बोलून झिजल्यासारखी वाटावी म्हणून नियम केला: शब्दाच्या शेवटचा ऱ्हस्व इ किंवा उ गळतो. ‘मिना’ म्हणजे माणूस, ‘सेरी’ म्हणजे पक्षी. ‘सेरीक् मिनाकु पाते’ म्हणजे पक्ष्याने माणसं पाहिली. उ गळला की उरतं ‘सेरीक् मिनाक् पाते’. माणसाने पक्षी पाहिले, हेही हुबेहूब असंच होतं!

नियम मोडायचा नाही, त्यानेच भाषेला लय आली आहे. शब्दक्रम पक्का करणंही जिवावर येतं. काय करू?

प्रतिसाद १
उ गळू द्या, पण जाताना खूण ठेवून जाऊ द्या. इंग्रजीतलं फूट–फीट असंच घडलं. फार पूर्वी अनेकवचनाच्या शेवटी इ होता. त्याने आधीचा स्वर बदलला आणि नंतर स्वतः गळाला. आपल्याकडेही ‘माझा’ म्हणताना झ दातांजवळ येतो, ‘माझी’ म्हणताना टाळूकडे सरकतो. पुढचा स्वर मागच्या ध्वनीला रंग देतोच. तुमचा उ ओठ गोल करून म्हणतात, तेव्हा आधीच्या ‘आ’चा ‘ओ’ करा: मिनाकु, मिनोकु, मिनोक्. कर्ता मात्र ‘मिनाक्’च. क्रम सांभाळा: आधी स्वर बदलेल, मग उ गळेल. उलट केलंत तर रंग द्यायला उ उरणारच नाही.

धागाकर्ती
मिनोक्! तोंडात किती छान बसतो. पण ‘मुलगी’चं झिजण्याआधीचं मूळ रूप ‘टोलु’, तिथे स्वर आधीच गोल आहे. एक मुलगी कर्ता असो की अनेक मुली, दोन्ही ‘टोलुक्’.

प्रतिसाद २
मग उ सरसकट गाळू नका. जुन्या इंग्रजीत जहाज ‘शिप’, अनेक जहाजं ‘शिपु’. पण ‘वर्ड’चं अनेकवचन ‘वर्ड’च. लघू अक्षरानंतर उ टिकला, गुरू अक्षरानंतर गळला. ‘टोलु’तला ‘लु’ लघू आहे, म्हणजे ‘टोलुकु’ टिकेल. आणि ‘वर्ड’सारखे काही शब्द दोन्ही वचनांत सारखे राहिले तरी बिघडत नाही, खऱ्या भाषा ते सहज चालवून घेतात.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री वीस नामं दोन्ही नियमांतून काढली. ‘रोलो’ तेवढा अडला: ‘लो’ गुरू, त्यात ओ आधीच गोल. रोलो म्हणजे नदी. ती कर्ता म्हणून क्वचितच येते, तिला ‘रोलोक्’च ठेवते आहे. आता ‘सेरी’: उच्या आधीच्या ईचं काय करू? ओठ गोल करून ई म्हटलं तर सहावा स्वर तयार होतो, आणि तो मला फार आवडला आहे.