मदत हवी आहे: पंख्याची घरघर काढायची आहे, पण तानपुरा जायला नको

नमस्कार मंडळी. घरी झालेल्या गाण्याच्या बैठकीचं दोन तासांचं रेकॉर्डिंग आहे: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह. ऐन मे महिना, पंखे बंद करणं शक्यच नव्हतं. मावशी आता गात नाही, त्यामुळे हे माझ्यासाठी फार मोलाचं आहे.

सॉक्स या ऑडिओ प्रोग्रॅमच्या नॉइजप्रोफने सुरुवातीच्या शांत भागातून गोंगाटाचा नमुना घेतला आणि तो गोंगाट काढणारं नॉइजरेड ०.२१ वर चालवलं. घरघर गेली, पण तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची झणझणती गुंज, तीही विरली. सूर पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. कारण त्या भागात तानपुरा हळू छेडला जात होता, म्हणजे सॉक्सने तोही गोंगाटातच धरला. नुसत्या पंख्याचा जेमतेम अर्धा सेकंद मिळतो. एवढा नमुना पुरेल का? की ५० आणि १०० हर्ट्झवर अरुंद बँडरिजेक्ट (तेवढाच पट्टा गाळणारा फिल्टर) लावून उरलेली घरघर राहू द्यावी? मला तरी जवारी जाण्यापेक्षा घरघर परवडेल.

आणखी एक. एफएफएमपेग या प्रोग्रॅमचं लाउडनॉर्म (आवाजाची पातळी ठरावीक मापावर आणणारा फिल्टर) एकाच फेरीत चालवलं की आलाप उगाच वर उचलला जातो. आधी मोजून दुसऱ्या फेरीत लिनिअर (सगळीकडे सारखाच बदल) मागितलं, तरी टाळ्यांच्या शिखरांमुळे ते पुन्हा डायनॅमिकवरच (जागोजागी कमीजास्त बदल) जातं. टाळ्या आधी वेगळ्या खाली आणाव्यात, की लिमिटर (शिखरं ठरावीक पातळीवर रोखणारा) लावावा? कुणी बैठकीच्या रेकॉर्डिंगवर हे केलं असेल तर वापरलेले आकडे नक्की सांगा.